पिंपांची खोली

बादलीतल्या तुटक्या चपलेवर बरोबर एक वीत पाणी होतं. बाबांनी पट्टी बुडवून खात्री केली. ते अणुवीज केंद्रात कामाला होते. तिथलं वापरलेलं इंधन आधी काही वर्षं पाण्यात निववतात, मग जाड पिंपांत बंद करून जपतात. घरातल्या टाकाऊ वस्तूंनाही त्यांनी हीच शिस्त लावली होती. त्यामुळे आतली खोली सिमेंटच्या पिंपांनी छतापर्यंत भरली होती.

आई गॅसवर चालणाऱ्या वीज केंद्रात इंजिनिअर. "आमच्याकडे जळलं की धुराड्यातून बाहेर. विषय संपला," ती म्हणाली.

"बाहेर म्हणजे कुठे? आभाळ काय तुझ्या माहेरचं आहे? आमचं निदान मोजून आपल्यापाशी राहतं."

"आग वेगळी असली, तरी पाणी उकळून वाफेवर चाकच फिरवता ना दोघं?" मी पोटावर हात ठेवून म्हणाले. "मग भांडता कशाला? बाळ आता कधीही येईल. पाळणा कुठे ठेवू, ते सांगा."

बाबांनी खोलीचं दार उघडलं. पुढच्याच पिंपावर त्यांच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'दात घासायचा ब्रश. हात लावू नये.'

त्यांनी दार पुन्हा लावून घेतलं. मला दिवस गेल्याचं कळल्यापासून टाळलेला निर्णय त्यांनी अखेर बोलून दाखवला.

"हे इथेच राहील. आपण दुसरं घर बघू."