राजलक्ष्मीचं पान

"ये, बस. तुझं पान बघ कसं एकदम बढिया करून दिलंय," म्हणत भालचंद्ररावांनी सुनेला कॉम्प्युटरसमोर बसवलं. सून म्हणजे कालपर्यंतची सून. मुलगा जगदेव आजारपणात गेला, आणि काल तिचं दुसरं लग्न त्यांनी स्वतः पुढे होऊन लावून दिलं होतं. आज ती सामान न्यायला नव्या नवऱ्याबरोबर किला गेटच्या घरी आली होती. जयसिंहराव बाहेर गाडीत बॅगा ठेवत होते.

पान म्हणजे घराण्याच्या विकीतलं, कॉम्प्युटरवर रचलेल्या माहितीकोशातलं. निवृत्तीनंतरचा हा त्यांचा उद्योग. माणसागणिक एक पान. मजकुरातल्या नावावर क्लिक केलं की त्या माणसाचं पान उघडायचं. नावं बदलण्यात म्हातारा तरबेज होता. संस्थानाचं मध्य भारत झालं, मध्य भारताचं मध्य प्रदेश, पण त्यांनी एकही दुवा तुटू दिला नव्हता. मग सुनेच्या एका नावाचं काय मोठंसं!

काल मांडवात जयसिंहरावांनी ताटातल्या तांदळावर अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं, राजलक्ष्मी. यांच्यात रीतच तशी. तिचं आधीचं वनमाला हे नावही असंच, पहिल्या लग्नात जगदेवनं लिहिलेलं. सकाळी उठल्या उठल्या भालचंद्ररावांनी पानाचं नाव बदललं. विकीनं विचारलं, सगळीकडे बदलायचं का? त्यांनी मोठ्या मनानं हो म्हटलं. पोरीला मागचं काही चिकटून राहू नये, एवढीच त्यांची इच्छा होती.

तिनं आपलं पान बघितलं, कौतुकानं हसली आणि जगदेवच्या नावावर क्लिक केलं. ते पान त्यानं स्वतः लिहिलेलं, शेवटच्या दिवसांत. तो गेल्यापासून ते उघडायचा भालचंद्ररावांना धीर झाला नव्हता.

तिचा चेहरा उतरला. "बाबा, हे काय झालंय?"

त्यांनी चष्मा लावला. 'राजलक्ष्मीला फूलबागेत बाकावर बसवलं आणि डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. राजलक्ष्मी म्हणाली, आधी कचोरी खाऊन घ्या. मला दुखतंय हे मी राजलक्ष्मीला कळू देत नाही, पण तिला कळतंच.'

भालचंद्ररावांनी ते पुन्हा एकदा वाचलं.

"जगदेवना हे नाव माहीतच नाही, बाबा," तिला रडू फुटलं. "कुणाबद्दल बोलतायत ते?"

"थांब, थांब, आत्ता ठीक करून देतो." ते एकेक नाव पुन्हा वनमाला करू लागले. पण लिहिलं की शब्द लाल व्हायचा.

"लाल का होतंय?"

"त्या नावाचं पान नाही ना आता."

आपल्याच हातानं आपण हे केलं, मुलाच्या तोंडचं नाव काढून घेतलं, हे त्यांना आता कळलं.

"राजलक्ष्मी, चलायचं ना?" बाहेरून जयसिंहरावांची हाक आली. "हजीऱ्याच्या चौकात जाम लागेल."

माणूस चांगला होता. आवाजात घाई होती, ताठा नव्हता. ती पडद्यावरच्या लाल अक्षरांकडे बघत बसून राहिली. पुन्हा हाक आली, जरा मोठ्यानं. ती तशीच.

भालचंद्ररावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"बाळ," ते म्हणाले, "तुला बोलावतायत."