उत्तरेकडचा फुलोरा

सून कमरेला दोर आवळून चौथ्या झाडावर चढली होती आणि सासरे खाली खाटेवर बसून सूचना देत होते. त्यांचा पाय प्लास्टरमध्ये होता. चाळीस वर्षं ते खजुरावर चढले, आणि पाय मोडला तो घराची एकुलती एक पायरी चुकून.

फुलोरे काही त्यांच्या पायासाठी थांबणार नव्हते. मादी झाडाचा फुलोरा उमलला की तीन-चार दिवसांत त्यात नर फुलांच्या काड्या खोचाव्या लागतात. नाहीतर फळ धरत नाही. मालकांच्या या बागेत बत्तीस झाडं होती. सासऱ्यांचा हात लागला की एकही घोस वाया जात नाही, असं सगळे म्हणायचे. सगळ्यांत जास्त ते स्वतः म्हणायचे. घोस उतरवायला टोळी यायची. टोळीवाल्यांनी कौतुक केलं, की सासरे मिशीवरून हात फिरवायचे.

"काटे सांभाळ. पूर्वेचे दोन आधी घे."

सुनेने घेतले. काड्या उलट्या खोचल्या, झावळीच्या पातीने सैलसर बांधल्या. नावं ठेवायला जागा मिळेना, म्हणून सासरे आणखी चिडले.

"आता दक्षिणेचे तीन. झालं? उतर मग."

ती उतरली नाही. खोडाला वळसा घालून मागे गेली.

"तिकडे कुठे निघालीस? या बरही जातीच्या झाडाला उत्तरेकडे काही येत नाही."

"येतं, बाबा. झावळ्यांच्या आड असतं. दरवर्षी एक."

"मग मला कसं दिसलं नाही?"

सुनेने आधी काडी खोचली, मग सांगितलं.

"तीन वर्षं झाली, तुम्हाला बरंच काही दिसत नाही. दुपारी तुम्ही जेवून आडवे झालात की राहिलेले मी करते."

सासऱ्यांनी विचारलं, "सातव्याचे किती राहायचे?"

"दोन."

"अकराव्याचे?"

"चार."

एकोणिसाव्या झाडानंतर त्यांनी विचारणं सोडलं.

तेवढ्यात बागेचे मालक आले. त्यांनी प्लास्टरकडे पाहिलं, हळहळले. वर कोण आहे, ते पाहिलं नाही.

"हंगाम हातचा जाईल हो. दुसरा माणूस बघू का?"

"दुसरा माणूस तीन वर्षांपासून कामावर आहे," सासरे म्हणाले. "मलाही आत्ताच कळलं."