पडवीतला दिवा

पुण्याला नोकरी करणाऱ्या स्वरूपने सुट्टीत स्वतः वायरी जोडून वसईचं घर स्मार्ट केलं. पडवीतला दिवाही तिन्हीसांजेला आपोआप लागू लागला. एकट्या बाबांना उठायला नको. महिनाभरात बाबा भरदुपारी न्हाणीत घसरून पडले आणि सकाळपर्यंत तिथेच कण्हत राहिले. त्यांना इस्पितळातून घरी आणताच स्वरूप शेजारच्या वाडीतल्या भागूकाकींवर उखडला, "काकी, रोज लक्ष ठेवता ना? त्या दिवशी कुणीच कसं फिरकलं नाही?" काकींनी डोळ्यांना पदर लावला. "तिन्हीसांजेला तुमचा दिवा बघते मी. लागला म्हंजे पांडूभाऊ बरा हाय. नाय लागला, तर धावत येते. त्या दिवशीपन लागला होता रे." स्वरूप उठला. सेन्सर काढून त्याने जुनं बटण बसवलं. संध्याकाळी बाबांनी भिंतीला धरून ते दाबलं. केळींपलीकडे दारात खोळंबलेल्या भागूकाकी तेव्हा कुठे आत गेल्या.