सोळा उसनी माणसं

"पुन्हा सांग. तुला कोण हाय?"

"कुणी न्हाई."

"आन् पोरगा?"

"पोरगा धडधाकट माझ्याम्होरं बसलाय की!" कस्तुराबाई म्हणाल्या.

टेम्पोतली पंधरा म्हातारी माणसं खदाखदा हसली. म्हाळूनं कपाळावर हात मारला. "आये, 'पोरगा सांभाळत न्हाई' एवढंच म्हणायचं. तपासणीच्या मॅडम पुढं सरकल्या की तू सुटलीस."

कासुर्डी, खुटबाव, राहू अशा गावांतून माणसं गोळा करत टेम्पो भीमा ओलांडून शिरूरच्या हद्दीत शिरला होता. हे दरसालचंच. शिरूरकडच्या वृद्धाश्रमाच्या वहीत पंचवीस जण, सरकारी अनुदान पंचवीस जणांचं, आणि रात्री कॉटवर झोपणारे नऊ. तपासणीच्या दिवशी उरलेले सोळा उसने आणायचे. शिरूरकडचे आणले तर कुणीतरी ओळखणार, म्हणून नदीपलीकडचे. माणशी तीनशे रुपये आणि दुपारी श्रीखंड. अधीक्षक हौसराव ह्याला चोरी म्हणत नसत. जुळवाजुळव म्हणत.

कस्तुराबाई ह्या खेपेला पहिल्यांदाच आल्या होत्या, आणि तीनशे रुपयांसाठी मुळीच नाही. म्हाळू आश्रमात कारकून. डोकी भरली नाहीत तर अनुदान बंद, अनुदान बंद तर त्याचा पगार बंद. उसन्यांतला एक म्हातारा उन्हाळ्यात वारला होता. एक डोकं कमी पडत होतं.

"अंगठाबिंगठा मागितला तरी भ्यायची न्हाई मी," त्या शेजारच्या खुर्शिदबींना सांगत होत्या. "गेल्या म्हयन्यात निराधारच्या पगारासाठी दौंडला चार अंगठे दिले. म्हाळूनं रजा टाकून सगळं बैजवार केलं. वर भेळ खाऊ घातली."

"नशीब काढलंस बाई," खुर्शिदबी म्हणाल्या. "आमचा गनी फटफटीवर स्टँडपत्तुर सोडायचं म्हटलं तरी पेट्रोलचा भाव सांगतो."

आधीचे तपासणीवाले साहेब दारात उभे राहून डोकी मोजायचे आणि श्रीखंडाला बसायचे. ह्या वर्षीच्या फरहत मॅडमनी डोक्यांकडं पाहिलंच नाही. बारा वाजेपर्यंत फायली वाचल्या, चहाला हात लावला नाही. हौसरावांनी तीनदा पंखा वाढवला.

मग फाईल मिटून मॅडम म्हणाल्या, "जेवणाची वेळ झाली ना? सगळ्यांनी आपापलं ताट घ्या."

नऊ जण उठले. मांडणीत हात घातला, आपलं नाव कोरलेलं ताट न बघता ओढलं, आणि जागेवर जाऊन बसले. सोळा जण मांडणीपुढं नुसतेच उभे. हौसरावांनी सोळा ताटं नवी आणली होती. नावं कोरायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. कस्तुराबाईंनी हाताला लागेल ते उचललं. त्यावर किमतीची चिठ्ठी तशीच होती.

मॅडमनी ती वाचली. "एकशे चाळीस. बरं मिळालं."

हौसराव खुर्चीत बसले.

"खरं सांगेल त्याला त्याच टेम्पोनं घरी पाठवते," मॅडम म्हणाल्या. "त्याच्यावर काही कारवाई नाही. कारवाई कुणावर करायची, ते मला कळलंय."

मग खुर्शिदबी उठल्या. "मी राहूची. सुनंनं पीठ मळून ठेवलं आसंल." त्यांच्यामागून खुटबावचे दोघं, मग तिघं. करता करता पंधरा झाले.

कस्तुराबाई ताट पोटाशी धरून बसून राहिल्या.

"ऊठ की गं," खुर्शिदबी कुजबुजल्या.

"पोराच्या भाकरीचा सवाल हाय."

मॅडम त्यांच्यासमोर आल्या. "आजी, तुम्ही?"

"मला कुणी न्हाई, बाई."

"मुलगा?"

"सांभाळत न्हाई."

असं बोलल्या, की स्वयंपाकीणबाईंनी डोळ्याला पदर लावला. कस्तुराबाईंनी कौतुकाच्या आशेनं म्हाळूकडं पाहिलं. तो वहीच्या रेघा बघत होता.

बाहेर टेम्पो सुरू झाला. कस्तुराबाईंनी मनाशी हिशेब मांडला. हौसराव धरला गेला, म्हंजी नोकरी तर आता गेलीच. मग ह्या खोट्याला काय किंमत? आणि हा टेम्पो चुकला तर तिकडं म्हशीची संध्याकाळची धार चुकणार होती. त्यांनी ताट खाली ठेवलं.

"खोटं बोलले, बाई. मी बी उसनीच. कासुर्डीची. ह्यो म्हाळू माझ्या पोटचा. सोन्यासारखा ल्योक हाय, तळहातावर ठिवतो. मला बी सोडा."

मॅडमनी पंचविसावी फाईल काढली. एकेक कागद सावकाश उलटला.

"आजी, त्या पंधरा जणांच्या फायलीत नुसती नावं आहेत. तुमची फाईल पूर्ण आहे. मुलाचा अर्ज. आईला सांभाळू शकत नाही, असं त्याचं प्रतिज्ञापत्र. तुमच्या नावावर काही नाही ह्याचा पुरावा म्हणून, घर आणि दीड एकर सुनेला दिल्याचं बक्षीसपत्र. दौंडला नोंदवलेलं. चार अंगठे. प्रवेशाची तारीख आजची."

"त्ये पगाराचं आसंल, बाई. म्हाळू, सांग की रं त्यास्नी."

मॅडम म्हाळूकडं वळल्या. "ही फाईलसुद्धा आजच्या देखाव्यापुरतीच केली असेल, तर आत्ता सांगा. आजींना टेम्पोत बसवते."

म्हाळूनं खिडकीतून पाहिलं. टेम्पोचं मागचं फाळकं बंद होत होतं.

"न्हाई मॅडम," तो म्हणाला. "सोळातली तेवढी एक खरी हाय."