उत्तराची वाट

कोलकात्याच्या सॉल्ट लेकमधल्या संशोधन संस्थेत टेबलावर दोन संगणक शेजारी शेजारी मांडले होते. मुलांना संगणकावरून शिकवलं तर काय साधतं, हे तपासायचं होतं आणि त्यासाठी दोन्हींतला एक आज निवडायचा होता. शनिवारी चाचणीला मूल कुठून आणायचं, म्हणून तिथला संशोधक श्यामसुंदर आपल्याच लेकीला घेऊन आला होता.

कादंबरी तशी हुशार पोर. पण घरात मराठी, शाळेत इंग्रजी, गल्लीत बंगाली; कुणी काही विचारलं की ती आधी तिन्हीकडे डोकावून यायची आणि मग बोलायची. एवढा धीर कुणाला? शाळेनं ‘मंद’ म्हणून शिक्का मारला होता. तो शब्द श्यामसुंदरला रात्रंदिवस सलत होता. निवडलेल्या संगणकावरचे धडे पुढे तिच्याच शाळेत जायचे होते.

आधी नवा संगणक लावला. पडद्यावर घरट्याचं चित्र आलं. हे कुणाचं घर? कादंबरीनं विचार करून बोट उचललं, तोवर संगणकानं टाळ्या वाजवून उत्तर सांगितलंही. पुढचा प्रश्न. पुन्हा तेच.

मग जुना. तोही तेच विचारून गप्प बसला. कादंबरीनं पंख्याकडे पाहिलं, पाय हलवले, ओठ चावला. संगणक तसाच थांबलेला. शेवटी एकेक अक्षर शोधत तिनं सुगरणीचं नाव टाइप केलं आणि खुदकन हसली. श्यामसुंदरचा ऊर भरून आला.

“पुरानावाला बहुत वक्त लेता है,” विभागप्रमुख सेनगुप्ताबाई उत्तरांच्या तक्त्यातल्या रकान्यांवर बोट फिरवत म्हणाल्या. “नयावाला देखिए, श्यामबाबू. एक भी खाना खाली नहीं रहा! आपकी क्या राय है?”

खोलीतले सगळे सहकारी त्याच्याकडे बघू लागले. जुन्याची बाजू घ्यायची, तर शाळा काय म्हणते ते चार लोकांत सांगावं लागणार. त्याची जीभ रेटेना.

“नयावाला ही ठीक है,” तो म्हणाला.

जिना उतरताना कादंबरीनं विचारलं, “बाबा, त्या नव्याला सगळं येतं ना? मग तो मला का विचारतो?”

फाटकाबाहेर फुचकावाला, म्हणजे तिथला पाणीपुरीवाला, उभा होता. निदान पोरीला खाऊ तरी घालावा, असं त्याला वाटलं.

“फुचका खाणार ना? तिखट की कमी तिखट?” त्यानं विचारलं, आणि लगेच फुचकावाल्याकडे वळून बंगालीत कमी तिखट सांगितलंही, “दादा, झाल कम.”

कादंबरी तोंड उघडून उभी होती. ते तिनं मिटून घेतलं.

श्यामसुंदर चरकला. खाली वाकून त्यानं विचारलं, “काय गं, काय म्हणत होतीस?”

“काही नाही,” ती म्हणाली.

या वेळी उत्तर लगेच आलं.