शुक्रवारची अदलाबदल

“मीठ किती म्हणालीस?”

“एका सँडविचमध्ये दिवसभराच्या मिठाचा निम्म्याहून जास्त वाटा,” लेक म्हणाली. “शिवाय तळलेलं. चरबी वेगळीच.”

“आणि आपल्या खेकड्यात?”

लेक हॉस्पिटलात आहारतज्ज्ञ होती. बाहेर बाकांवर ताटकळणाऱ्या पेशंटांसाठी ती एक फलक तयार करत होती. एका बाजूला दुकानातलं चिकन सँडविच, दुसऱ्या बाजूला उकडलेला खेकडा. सोमवारी तो भिंतीवर लागणार होता. आईला आता बारीक अक्षर दिसत नसे, म्हणून पलंगाच्या कडेला बसून ती कच्चा कागद वाचून दाखवत होती. आईनं बावीस वर्षं खेकडे सोलण्याच्या शेडमध्ये काढली होती. या विषयात तिचं मत घ्यायलाच हवं होतं.

“प्रथिनं दोन्हीकडे आहेत. पण खेकड्यात चरबी अगदी नावाला, कॅलरी कमी. जस्त आहे, बी-ट्वेल्व्ह आहे. थोडं कोलेस्टेरॉल आहे, तेही लिहिलंय.”

“लिही की. खोटं कशाला लिहायचं?” आई म्हणाली आणि मग स्वतःशीच हसली. “म्हणजे मी डब्यात चांगलंच भरायचे म्हणायचं! मला मेलीला उगाच वाटायचं, लोकांच्या पोरी दुकानातलं खातात आणि माझ्या पोरीच्या डब्यात शेडमधले मोडके खेकडे.”

लेकीनं कागदाची घडी घातली. पुन्हा उलगडली.

दर गुरुवारी संध्याकाळी माल रवाना झाला की नांग्या तुटलेले खेकडे शेडमधल्या बायकांना मिळत. आई ते घरी आणून वाफवायची आणि दिव्याखाली बसून सोलायची. दिवसभर तेच काम करून आल्यावर पुन्हा तेच. छोट्या सुरीच्या टोकानं ती पायांतलं मांससुद्धा अलगद ओढून काढायची. कवचाची कपची राहू नये म्हणून बोटांनी चाचपून बघायची. त्या बोटांना कायम चिरा पडलेल्या असत. शुक्रवारी सकाळी पावाच्या दोन तुकड्यांबरोबर ते पांढरंशुभ्र मांस लेकीच्या डब्यात जाई.

वर्गात डबा उघडला की मुली नाकं मुरडत. एकटी बॉबकट मुरडत नसे. तिचे केस कानापर्यंत कापलेले होते, म्हणून हे नाव. वर्गाला ती मोठी फॅशन वाटायची. बॉबकटकडे डबाच नव्हता. ती रोज चकचकीत कागदात गुंडाळलेलं चिकन सँडविच आणायची. वडील ऑफिसला जाता जाता घेऊन देत. रोज! अख्खा वर्ग तिच्यावर जळायचा.

एका शुक्रवारी तीच जवळ येऊन म्हणाली, “बदलायचं?”

लेकीला वाटलं, ही चेष्टा करतेय. पण बॉबकट खाली बसली आणि डबा पुसून काढल्यासारखा रिकामा केला. लेकीनं तोवर सँडविच संपवून बोटं चाटली होती. त्यानंतर तीन वर्षं दर शुक्रवारी हेच चाललं. एवढी हुशार मुलगी असल्या व्यवहारात इतकी कशी फसते, याचं लेकीला नवल वाटायचं. मग बॉबकटच्या वडिलांची बदली झाली आणि ती शाळा सोडून गेली.

त्या तीन वर्षांत आई दर शुक्रवारी विचारायची, “संपला का गं डबा?” आणि लेक मान हलवून म्हणायची, “संपला.”

खोटं नव्हतंच ते. पण आईच्या बोटांकडे बघून बोलायचं धाडस तिला कधी झालं नाही. पुढे शिक्षण झालं, नोकरी लागली, स्वतःच्या मुलांचे डबे भरून झाले, तरी ते आत कुठेतरी टोचत राहिलं.

“आई,” ती म्हणाली, “मी ते खाल्लंच नाही.”

“काय?”

“शुक्रवारचा खेकडा. वर्गातल्या एका मुलीला द्यायचे आणि तिचं सँडविच घ्यायचे. तीन वर्षं. तू मर मर मरून सोलायचीस आणि मी...” तिनं कागद मांडीवर ठेवला. “मला वास येतो म्हणून लाज वाटायची गं.”

आई चादरीवर हात फिरवत राहिली. लेकीला वाटलं, या वयात तिला हे सांगायला नको होतं.

“केस बारीक कापलेली ना?” आईनं विचारलं. “सावळीशी?”

लेक बघतच राहिली. “तुला कशी माहीत?”

“तू एकदा तापानं घरी होतीस. शुक्रवारच होता. शाळा सुटल्यावर ती पोर शोधत शोधत शेडच्या दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, काकू, आज डबा आला नाही. मला आधी कळेचना. मग सगळं सांगितलं तिनं. मी म्हटलं, अगं, एवढं आवडतं तर आईला पाठव, मी शिकवते तिला कसं सोलायचं ते.”

“मग?”

“मग काय. म्हणाली, आई नाही. म्हणून तर बाबा रोज सँडविच घेऊन देतात.”

 लेकीच्या मांडीवरून कागद घसरून खाली पडला. तिनं तो उचलला नाही. आईनं चाचपडत तिचा हात शोधला आणि हातात घेतला.

“त्या दिवसापासून गुरुवारी मी तिच्यासाठीच सोलायला बसायचे,” आई म्हणाली. “एकच धास्ती असायची बघ. तू एखाद्या शुक्रवारी स्वतःच खाऊन टाकशील.”