चिंधी की दुपट्टा

लोकांच्या छपरांचे सिमेंटचे पत्रे कापताना मारोतराव नाकातोंडाला दुपट्टा बांधत. "जुनी चिंधी बांधा अन् काम झालं का फेकून देत जा जी," त्यांची बायको अनसूया म्हणायची.

"रोज काहून फेकू? दुपट्टा धुतला का झालं!"

अशी वीस वर्षं गेली. आज डॉक्टर अनसूयेचा एक्स-रे उजेडात धरून पाहत होते, आणि मारोतराव समोर बसले होते.

"पत्र्याच्या कारखान्यात होत्या का या?"

"नाई जी. पत्रे मी कापतो. पण मले तं साधा खोकलाबी नाई."

"मग पत्र्यांची ही विषारी धूळ यांच्या छातीत कशी गेली?"

"काय मालूम, साहेब. तिनं पत्र्याले कधी हात नाई लावला. रोज सांजच्याले माहा दुपट्टा तेवढा झटकून धुते."